तांबडी घार आणि तिचा शेवटचा पत्ता



आजची पोस्ट एका प्रश्नाने सुरू करूया. पुढे वाचण्याआधी उत्तर मनाशी पक्कं ठरवा.

एका देशातून एक मोठा शिकारी पक्षी जवळपास नाहीसा झाला. उरल्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या, त्याही एकाच भागात. तो भाग डोंगराळ, थंड, सतत पावसाचा, दऱ्यांमध्ये ओकची झाडी असलेला. आता तुमच्याकडे परवानगी आहे, पैसा आहे, दुसऱ्या देशातून पिल्लं आणायची सोय आहे. तो पक्षी नव्याने वसवायचा, तर जागा कुठली निवडाल?

बरेच जण म्हणतील, "तसलाच दुसरा डोंगर शोधू." आपलं प्रशिक्षणही तेच शिकवतं. पक्षी जिथे आहे तिथली उंची, पाऊस, झाडं मोजा, आकडे मॉडेलमध्ये घाला आणि नकाशावर तशाच जागा रंगवा. पद्धत नीटनेटकी आहे, पण या पक्ष्याच्या बाबतीत तिने फसवलं असतं. ज्या लोकांनी हे काम खरंच केलं, त्यांनी डोंगर सोडून लंडनजवळची शेतं निवडली. तिथे तो पक्षी इतका वाढला की आज लंडनहून ऑक्सफर्डला गाडीने जाताना एम-४० महामार्गावर मान वर केली की तो दिसतो.

हा पक्षी म्हणजे तांबडी घार. शास्त्रीय नाव मिल्व्हस मिल्व्हस. तिची गोष्ट सांगताना मला मुख्यतः एकच मुद्दा मांडायचाय: एखादी प्रजाती शेवटी जिथे उरते, तो फक्त तिचा शेवटचा पत्ता असतो. तिचं घर कुठे होतं हे शोधायला इतिहासात जावं लागतं. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा जड जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पक्ष्याची ओळख

आपल्या शहरांवर फिरते ती काळी घार. तांबडी घार तिची जवळची नातेवाईक. रंग विटकरी, डोकं राखाडी, शेपूट खोल दुभंगलेली. कोकणात दिसणारी ब्राह्मणी घार मात्र वेगळी, दोघींची गल्लत करू नका. पंखांचा विस्तार दीड मीटरच्या वर जातो, पण वजन साधारण एक किलोच. पाय तसे कमजोर, त्यामुळे मोठी शिकार तिला जमत नाही. मेलेली जनावरं, ससे, उंदीर, नांगरटीनंतर वर आलेली गांडुळं हे तिचं जेवण. इंग्रजीत पतंगाला 'काइट' म्हणतात, ते याच पक्ष्याच्या नावावरून.

अशा पक्ष्याला काय लागतं याचा विचार करा. उघडी जमीन, मधूनमधून झाडी, आणि मरतुकडं किंवा टाकाऊ मांस. ही सगळी यादी माणसाच्या वस्तीजवळ पुरी होते. हा नुसता तर्क झाला. पुरावा काय सांगतो?

पुरावा कुठे सापडला?

साधारण १५०० साली व्हेनिसहून इंग्लंडमध्ये आलेल्या एकाने त्या देशाचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात घारींचा उल्लेख आहे. त्या इतक्या धीट होत्या की लहान मुलांच्या हातातला लोणी लावलेला पाव उचलून न्यायच्या. शहरातली घाण साफ करतात म्हणून कावळे-घारींना मारायला बंदी होती, असंही तो लिहितो. शेक्सपियरच्या नाटकांतही ही घार येते. घरट्यासाठी वाळत घातलेले कपडे पळवणारी अशी तिची ख्याती होती, आणि ती सवय आजही गेलेली नाही. आजच्या घरट्यांतही चिंध्या सापडतात.

प्रवासवर्णन आणि नाटक यांवर किती विसंबायचं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर उत्तम. म्हणूनच दुसरा, स्वतंत्र पुरावा लागतो. तो पुरातत्त्वाने दिला. ब्रिटनमधल्या रोमन आणि मध्ययुगीन शहरांच्या उत्खननांत तांबड्या घारीची हाडं मिळाली आहेत. हाडाला अतिशयोक्ती करता येत नाही.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो हिशेबाच्या वह्यांमधून आलाय. १५३२ मध्ये आठव्या हेन्रीच्या आणि १५६६ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये 'उपद्रवी' प्राणी-पक्षी मारण्याचे कायदे झाले. धान्य आणि पाळीव जनावरं वाचवणं हा त्यामागचा हेतू. मारलेल्या प्राण्याचं मुंडकं आणून दाखवलं की ठरलेले पैसे मिळत. पैसे द्यायचे गावच्या चर्चच्या कारभाऱ्याने, म्हणजे चर्चवॉर्डनने, आणि त्याने तो खर्च वहीत लिहायचा. आपल्याकडच्या कुलकर्ण्यांच्या दप्तराची आठवण यावी असा हा प्रकार. रॉजर लव्हग्रोव्ह या संशोधकाने देशभरातल्या शेकडो गावांच्या अशा वह्या धुंडाळल्या आणि २००७ मध्ये 'सायलेंट फील्ड्स' हे पुस्तक लिहिलं. सतराव्या आणि अठराव्या शतकांत गावोगावी घारींच्या मुंडक्यांचे पैसे दिल्याच्या नोंदी त्यात येतात, आणि त्यांत सखल, शेतीच्या मुलखातली गावंही भरपूर आहेत.

इथे जरा थांबा. तुमच्या हातात उद्या अशी वही आली, तर तिच्याकडून नेमकं काय घ्याल?

अमुक गावात अमुक साली वीस मुंडक्यांचे पैसे दिले, याचा अर्थ तिथे वीसच घारी होत्या असा होत नाही. त्या वर्षी कुणाला पैशाची गरज किती होती, कारभारी किती काटेकोर होता, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असतं. नोंद नाही म्हणजे घार नव्हती, असंही म्हणता येत नाही. कदाचित वही वाळवीने खाल्ली असेल, कदाचित त्या गावाने बक्षीस दिलंच नसेल. शिवाय जुन्या काळी लोक एकाच नावाने दोन-तीन पक्षी ओळखत, त्यामुळे 'घार' लिहिलेली नोंद दुसऱ्याच पक्ष्याची असू शकते. म्हणजे ही वही संख्या मोजायला कमजोर. पण 'हा पक्षी या मुलखात होता का?' या प्रश्नाला ती भक्कम. कुठल्या साधनाला कुठला प्रश्न विचारायचा हे ओळखणं म्हणजे निम्मं संशोधन.

प्रवाशाची नोंद, जमिनीतलं हाड आणि हिशेबाची वही. तिन्ही साधनं वेगवेगळ्या कारणांनी तयार झाली आणि तिन्हींच्या चुका वेगवेगळ्या. तरी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: ही घार शहरांची आणि शेतांची होती.

मग ती डोंगरात कशी गेली?

ती तिथे गेली नाही. ती तिथेही होती, आणि बाकी सगळीकडून पुसली गेली.

गावच्या बक्षिसांनी सुरुवात केली, पण मोठा घाव बसला एकोणिसाव्या शतकात. बंदुका सुधारल्या, आणि श्रीमंत जमीनदारांमध्ये फेझंट, तितर यांच्या शिकारीचं वेड वाढलं. हे पक्षी सांभाळायला प्रत्येक इस्टेटीवर पगारी राखणदार नेमले जात. त्यांना 'गेमकीपर' म्हणत. वाकड्या चोचीचा प्रत्येक पक्षी त्यांच्या लेखी चोर. बंदूक, सापळा आणि विष घातलेलं मांस ही त्यांची हत्यारं. मेलेलं मांस खाणाऱ्या घारीसाठी यांतलं विष सर्वांत घातक ठरलं. दुर्मीळ झाल्यावर तिच्या अंड्यांना संग्राहकांकडून किंमत येऊ लागली, म्हणजे उरलीसुरली घरटीही लुटली गेली. १८७० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधून ती संपली होती, आणि शतक संपेपर्यंत स्कॉटलंडमधूनही.

उरली फक्त मध्य वेल्समध्ये. का? तिथले डोंगर तिला विशेष मानवत होते म्हणून नव्हे. तो भाग आडवळणाचा, गरीब मेंढपाळांचा. मोठ्या शिकारी इस्टेटी कमी, म्हणून राखणदारही कमी. १९०३ मध्ये काही पक्षीप्रेमींनी घारींसाठी समिती स्थापन केली, घरट्यांवर पहारे बसवले. घरटं सुखरूप ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना पुढे बक्षीस मिळू लागलं. ज्या पक्ष्याच्या मुंडक्याला पैसे मिळत होते, त्याच्या घरट्याला पैसे मिळू लागले! पुढे जनुकीय अभ्यासातून दिसलं की वेल्समधल्या जवळजवळ सगळ्या घारींचा वंश आईकडून एकाच मादीपर्यंत पोचतो. इतक्या बारीक धाग्यावर ती प्रजाती तिथे लोंबकळत होती.

आणि एवढी राखण करूनही संख्या वाढेना. समिती स्थापन झाल्यापासून ऐंशीहून जास्त वर्षांत मजल गेली पन्नास-साठ जोड्यांपर्यंत. पीटर डेव्हिस आणि इयन न्यूटन यांनी १९८१ मध्ये वेल्समधल्या घारींच्या तीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. प्रत्येक जोडीमागे मोठी होऊन उडणारी पिल्लं फारच कमी होती. थंड, ओला वसंत आणि अन्नाची टंचाई ही त्याची मोठी कारणं. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस रोगाने ससे मेले, तेव्हा त्यांची अवस्था आणखी बिकट झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळून बघा. वेल्सचा डेटा घेऊन जागा शोधली असती, तर आपण त्या घारीसाठी दुसरी तितकीच हलाखीची जागा शोधली असती. जगलेल्यांचाच अभ्यास करून निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात. परिसंस्थाशास्त्रात याच्याशी जुळणारी एक संकल्पना आहे: 'निर्वासित प्रजाती'. ग्रॅहम कर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये युरोपियन बायसनच्या निमित्ताने ती मांडली. बायसन जंगलात उरला म्हणून सगळे त्याला जंगली प्राणी समजले. प्रत्यक्षात त्याला मोकळी गवताळ जमीन हवी होती, आणि ती माणसाने घेतल्यामुळे तो जंगलात ढकलला गेला. निर्वासितांच्या छावणीचं मोजमाप करून कुणी "यांना असंच घर आवडतं" म्हणालं तर कसं वाटेल? तसंच हे.

फक्त इतिहास पुरेसा होता का?

नाही, आणि हा भाग विसरू नका. जुन्या वह्या एवढंच सांगतात की घार पूर्वी तिथे जगत होती. आज जगेल का, हे त्या सांगू शकत नाहीत. १६५० चं शेत आणि १९८५ चं शेत यांत कुंपणं, जनावरं, कीटकनाशकं सगळंच बदललं होतं. आधुनिक शेतीत मेलेलं जनावर पडून राहत नाही, मग घार खाणार काय, ही शंका रास्त होती.

म्हणून १९८० च्या दशकात आरएसपीबी ही पक्षीसंस्था आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिल ही सरकारी संस्था यांनी दोन प्रश्न वेगळे केले. पहिला: घार नाहीशी कशामुळे झाली? दुसरा: ते कारण आज आहे का? पुनर्स्थापनेचा हा मूलभूत नियम आहे, आणि आययूसीएनच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तो ठळकपणे येतो. मारणारं कारण जागेवर असताना पक्षी सोडणं म्हणजे त्याला नव्याने मरायला पाठवणं.

उत्तर असं होतं: नाश माणसाने मारल्यामुळे झाला, जागा बिघडल्यामुळे नाही. आणि मारणं कमी झालं होतं. पहिल्या महायुद्धानंतर गेमकीपरांची संख्या घटली, १९५४ आणि १९८१ च्या कायद्यांनी पक्ष्याला संरक्षण दिलं, अंडी गोळा करणं गुन्हा ठरलं.

मग वेल्समधूनच घारी आपसूक इंग्लंडमध्ये पसरतील, वाट बघूया, असं का नाही केलं? कारण घार जिथे जन्मते त्याच्या आसपासच घरटं करते. अन्न असलेली रिकामी जमीन दिसली म्हणून ती लगेच लांब जाऊन एकटी संसार थाटत नाही, तिला आपल्यासारख्या इतर घारी लागतात. हिवाळ्यात तर त्या एकत्रच रातथारा करतात. त्या गतीने इंग्लंड भरायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या. आणि वेल्सची संख्या इतकी तुटपुंजी की तिथून पिल्लं काढणंही परवडणारं नव्हतं.

पिल्लं आली, मोठी झाली, सुटली

१९८९ मध्ये दोन ठिकाणी काम सुरू झालं. एक उत्तर स्कॉटलंडमधलं ब्लॅक आइल. दुसरं दक्षिण इंग्लंडमधलं चिल्टर्न्स, लंडनच्या वायव्येला. चिल्टर्न्सना टेकड्या म्हणतात खरं, पण त्यांची उंची २७० मीटरच्या आतच. बाकी सगळी शेतं, कुरणं आणि बीचची झाडी. वर्म्सली नावाच्या खासगी इस्टेटीवर पिंजरे उभे राहिले. एकेकाळी इस्टेटींनीच या पक्ष्याला संपवलं होतं, ही गंमत लक्षात घ्या.

स्कॉटलंडसाठी पिल्लं स्वीडनहून आली, इंग्लंडसाठी मुख्यतः स्पेनहून. त्या काळी स्पेनमध्ये घारी भरपूर होत्या. साधारण चार ते सहा आठवड्यांची पिल्लं घरट्यातून उचलायची आणि सहा-आठ आठवडे मोठ्या पिंजऱ्यात वाढवायची. त्यांना माणूस दिसू द्यायचा नाही, नाहीतर ती माणसालाच अन्नदाता समजतील. मांस आडूनच टाकायचं. मग पंखांवर रंगीत खुणा, शेपटीच्या पिसांना छोटे रेडिओ ट्रान्समीटर, आणि एक दिवस दार उघडायचं. सुरुवातीला बाहेरही थोडं मांस ठेवायचं, स्वतः शोधायला शिकेपर्यंत.

१९९४ पर्यंत दोन्ही ठिकाणी मिळून साधारण १८६ घारी सोडल्या, प्रत्येकी ९३. दोन्हीकडे १९९२ मध्ये पहिल्यांदा यशस्वी प्रजनन झालं. चिल्टर्न्सच्या घारींनी प्रत्येक घरट्यामागे वेल्सपेक्षा स्पष्टपणे जास्त पिल्लं वाढवली. ज्या पक्ष्याला आपण 'नाजूक डोंगरी पक्षी' समजत होतो, तो शेतात फुलला.

आणि अन्नाचं काय झालं? रस्त्यावर गाड्यांखाली मेलेली जनावरं, ससे, नांगरटीतली गांडुळं, शिकारीत जखमी होऊन मेलेले फेझंट. शिवाय एक गोष्ट आधी फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती: लोकांच्या परसबागा. रेडिंग शहरातल्या अभ्यासात दिसलं की साधारण वीस घरांमागे एक घर घारींना मांस घालतं. पाचशे वर्षांपूर्वी मुलाच्या हातातला पाव पळवणारी घार आता त्याच देशात परसात ठेवलेला कोंबडीचा तुकडा उचलते. व्हेनिसच्या पाहुण्याचं वर्णन खोटं नव्हतं म्हणायचं!

पुढे मिडलँड्समधलं रॉकिंगहॅम, यॉर्कशरमधलं हेअरवुड, गेट्सहेडजवळची डर्वेंट खोरी, स्कॉटलंडमधली आणखी ठिकाणं, आयर्लंड अशी मालिकाच सुरू झाली. नंतरच्या कामांसाठी बरीच पिल्लं चिल्टर्न्सनेच दिली. आज युनायटेड किंग्डममध्ये या घारीच्या हजारो जोड्या आहेत.

सारखेच ९३ पक्षी, उत्तरं दोन

संशोधन शिकणाऱ्यासाठी या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे. दोन ठिकाणी सारखेच पक्षी सोडले. प्रजननही दोन्हीकडे चांगलं. मग पंधरा-सोळा वर्षांनी दोन्हीकडची संख्या साधारण सारखी हवी ना? २००६ च्या सुमारास चिल्टर्न्समध्ये जोड्या शेकड्यांत होत्या, आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये जेमतेम चाळीसच्या आसपास.

पहिला संशय हवामानावर जातो. दुसरा स्वीडिश-स्पॅनिश फरकावर. संशोधकांनी एकेक पर्याय तपासला. उडालेल्या पिल्लांची सरासरी ठीक होती, म्हणजे अन्न आणि हवामान गुन्हेगार नव्हते. फरक जगण्यात होता: उत्तर स्कॉटलंडमध्ये तरुण घारी मरत होत्या. मेलेल्या घारी गोळा करून तपासल्या, तेव्हा साधारण ४० टक्के घारी बेकायदा विषाने मेल्याचं निघालं. २०१० मध्ये जेनिफर स्मार्ट आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांच्या मॉडेलनुसार हे मारणं वगळलं, तर स्कॉटलंडची वाढ चिल्टर्न्सच्या वाटेने गेली असती.

पद्धत बघा. 'का वाढली नाही?' हा ढोबळ प्रश्न त्यांनी जन्म आणि मृत्यू असा फोडला, जन्माची बाजू ठीक निघाल्यावर मृत्यूचं कारण मृतदेहांतून शोधलं, आणि शेवटी 'हे नसतं तर?' हा हिशेब केला. तुमच्या प्रबंधातला कुठलाही 'का' असाच फोडून बघा.

पण ही गोष्ट फक्त पद्धतीची नाही. मार्च २०१४ मध्ये त्याच भागात कॉनन ब्रिज गावाजवळ काही दिवसांत १६ तांबड्या घारी आणि ६ बझर्ड मरून पडले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात विष सापडलं. कायदा होता, प्रकल्प यशस्वी म्हणून गाजत होता, तरी. 'कारण गेलं का?' या प्रश्नाचं उत्तर एकदा 'हो' आलं म्हणून ते कायम तसंच राहत नाही. आजही उंदरांच्या विषातून आणि शिकारीच्या शिशाच्या छऱ्यांतून घारींच्या शरीरात विष जातं.

उलटा प्रवास

दरम्यान स्पेनच्या नैऋत्य भागात घारींची संख्या फार खालावली. तेव्हा २०२२ पासून इंग्लंडमधून, मुख्यतः रॉकिंगहॅमच्या परिसरातून, पिल्लं उचलून स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात सोडायला सुरुवात झाली. देणारा देश घेणारा झाला. १९८९ मध्ये कुणी हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एका ठिकाणी भरपूर आहे म्हणून दुसरीकडे दुर्लक्ष करू नये, ते याचसाठी.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं आठवा. १९८० च्या दशकात हा जगातला बहुधा सर्वांत जास्त संख्येने असलेला मोठा शिकारी पक्षी मानला जायचा. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९.९ टक्के घटली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याचं कारण, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

ती अभयारण्यांत का सोडायची? कारण सरळ आहे: जंगलात मेलेल्या हरणाला कुणी वेदनाशामक टोचलेलं नसतं. ही सुरक्षिततेची निवड आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी डेटा काढेल, गिधाडं फक्त व्याघ्र प्रकल्पांत दिसतील, आणि तो लिहील, 'हा घनदाट जंगलाचा पक्षी'. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकायची जागा, तिथल्या झाडांवर बसलेली गिधाडांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे असेल. मुंबईत मलबार हिलच्या दोखम्यांवरही गिधाडं होतीच. गिधाडाचं घर गाव-शिवार होतं. शिवाय जंगलात सोडलेलं गिधाड जंगलाची हद्द पाळत नाही, ते उडत गावापर्यंत जातं. म्हणजे गुरांच्या दवाखान्यात कुठली बाटली वापरली जाते, हा प्रश्न टळत नाही, नुसता पुढे ढकलला जातो.

म्हणूनच आत्ता जुन्या नोंदी गोळा करणं महत्त्वाचं. मुंबई इलाख्याची गॅझेटियर, वनखात्याचे जुने अहवाल, संग्रहालयांतल्या कातड्यांवरच्या चिठ्ठ्या, गिधाड किंवा घारीचं नाव असलेले कडे आणि टेकड्या, आणि वयस्क माणसांच्या आठवणी. प्रत्येक साधनाचा दोष वहीत लिहून ठेवा आणि किमान तीन वेगवेगळी साधनं एका दिशेला वळली की मगच विधान करा. आठवणींचं काम मात्र थांबू शकत नाही. वह्या शंभर वर्षं टिकतात, ज्यांनी गिधाडांची ती रांग पाहिली ती माणसं नाही टिकणार.

आणि तुमचा विषय पक्षी नसेल तरी सिनॉप्सिस लिहिताना 'अभ्यासक्षेत्र' या रकान्यापाशी एकदा अडखळा. नमुने जिथे मिळतायत तिथेच ते का मिळतायत? त्यांना तिथे राहायचं होतं म्हणून, की बाकी ठिकाणचे संपले म्हणून? गाइडने हा प्रश्न विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारलेला असेल, तर तुमचं काम बरंच पुढे गेलंय असं समजा.